ग्रँड नदीकाठच्या शाळा

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातली ग्रँड नदी वॉटर्लू, किचनर, केंब्रिज, ब्रँटफर्ड अशी गावं घेत दक्षिणेला ईरी सरोवराला मिळते. दिसायला साधी नदी. काठाला मेपलची झाडं, सुट्टीच्या दिवशी वल्ही मारत जाणारी हौशी माणसं आणि पाण्यावर उतरणारी बदकं. पण या नदीचा एक कागद आहे आणि त्या कागदावरून दोन शतकांहून अधिक काळ वाद चालू आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हौदेनोशौनी या मूळ रहिवाशांपैकी बरेच जण इंग्रजांच्या बाजूने लढले. इंग्रज हरले आणि या लोकांची आजच्या न्यूयॉर्क राज्यातली जमीन गेली. भरपाई म्हणून गव्हर्नर फ्रेडरिक हॅल्डिमंड याने 25 ऑक्टोबर 1784 रोजी जाहीरनामा काढला. ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांना सहा-सहा मैलांचा पट्टा त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी कायम उपभोगावा, असा त्याचा मजकूर. हा पट्टा सुमारे साडेनऊ लाख एकरांचा. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्कारोरा अशी या लोकांची सहा राष्ट्रं, म्हणून त्यांना ‘सिक्स नेशन्स’ म्हणतात. आज त्या पट्ट्यातली पाच टक्क्यांहून कमी जमीन त्यांच्याकडे उरली आहे. विकली गेली किती, लाटली गेली किती आणि विक्रीचा पैसा गेला कुठे, याचा हिशेब मागणारा दावा त्यांनी 1995 मध्ये कोर्टात लावला.

किचनरला माझी भाची राहते. तिचं घर या पट्ट्यातच येतं. वॉटर्लू विद्यापीठ आणि भोवतालच्या सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यामुळे या भागात मराठी कुटुंबं चिक्कार झाली आहेत. गणपती बसतात, कोजागिरीला दूध आटतं, मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरते. मी गेले तेव्हा गणपती नुकते उठले होते आणि दुकानांच्या दर्शनी भागात नारिंगी टीशर्ट मांडलेले होते. छातीवर अक्षरं : प्रत्येक मूल महत्त्वाचं आहे. भाचीने पाचवीतल्या लेकासाठी एक घेतला. “मावशी, तीस तारखेला शाळेत घालून जायचाय. तू येशील का? पालकांना बोलावलंय.” जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला शाळेचं आमंत्रण म्हणजे आग्रहाची गरजच नाही.

त्या नारिंगी रंगामागची गोष्ट अशी. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फिलिस वेबस्टॅड 1973 मध्ये सहा वर्षांच्या होत्या. विल्यम्स लेक गावाजवळच्या सेंट जोसेफ मिशन या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळेत त्यांची रवानगी व्हायची होती. शाळेच्या पहिल्या दिवसासाठी आजीने नवाकोरा नारिंगी सदरा घेऊन दिला. शाळेत पोचल्याबरोबर तो अंगावरून काढून घेतला गेला आणि पुन्हा कधी मिळाला नाही. चाळीस वर्षांनी, 2013 मध्ये, त्यांनी ही आठवण चारचौघांत सांगितली आणि त्यातून नारिंगी सदऱ्याचा दिवस सुरू झाला. पूर्वी मुलांना घरांतून गोळा करून शाळेत नेत ते साधारण याच दिवसांत, म्हणून तारीख ठरली 30 सप्टेंबर. मे 2021 मध्ये कॅमलूप्स इथल्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारच्या आधारे, मुलांच्या खूण नसलेल्या कबरी असाव्यात असं तिथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राने जाहीर केलं आणि देश हादरला. त्याच वर्षी केंद्र सरकारने 30 सप्टेंबर हा सत्य आणि सलोखा यांचा राष्ट्रीय दिवस ठरवला. ब्रिटिश कोलंबियात त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. ऑन्टॅरिओने प्रांताची सुट्टी दिलेली नाही, त्यामुळे इथे शाळा भरते. मला ते बरंच वाटलं. सुट्टीत मुलं टीव्ही बघतात. शाळेत निदान काही कानावर पडतं.

सकाळी ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत झालं आणि मग एका मुलीने निवेदन वाचलं : ही शाळा हॅल्डिमंड पट्ट्यावर उभी आहे, ही हौदेनोशौनी, अनिशिनाबे आणि न्यूट्रल लोकांची भूमी आहे, वगैरे. इथल्या बहुतेक शाळांत हे रोजच वाचतात. नातवाला मी विचारलं, “न्यूट्रल म्हणजे कोण रे?” तो म्हणाला, “आजी, रोज ऐकतो, पण माहीत नाही.” मला आपल्या पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञा आठवली. तीही आम्ही हात पुढे करून एका दमात म्हणायचो आणि तिच्यातल्या एकाही वाक्यावर कुणी आम्हाला प्रश्न विचारला नाही.

पुढचा तास मात्र वेगळा निघाला. वर्गशिक्षिका बाईंनी मुलांना गोल बसवून एक चित्रपुस्तक वाचून दाखवलं. जेनी के ड्युपुई यांनी केथी काकर यांच्या साथीने लिहिलेलं हे पुस्तक ड्युपुईंच्या स्वतःच्या आजीविषयी आहे. आठ वर्षांच्या मुलीला घरातून नेतात, शाळेत तिचं नाव जातं आणि आकडा चिकटतो. वाचन झाल्यावर बाईंनी मुलांना काहीही समजावलं नाही. फक्त विचारलं, “तुमचं नाव कोणी ठेवलं? का ठेवलं?” त्या वर्गात पंजाबी, सिरियन, सोमाली, चिनी, व्हिएतनामी अशी मुलं होती. एकीला पणजीचं नाव होतं, एकाला नदीचं. नातवाने आपल्या बारशाची गोष्ट सांगितली. पाळणा, घुगऱ्या आणि कानात कुर्र. अर्धा तास मुलं बोलत होती. मग बाई म्हणाल्या, “आता समजा, उद्या शाळेत आल्यावर कुणी सांगितलं, हे नाव चालणार नाही.” वर्ग चिडीचूप झाला. इतका सरळ पाठ मी स्वतः क्वचितच घेतला असेन.

मग सगळी शाळा मैदानाला फेरी घालायला निघाली. मुलं मुलंच असतात. काही गंभीर होती, काही एकमेकांना ढकलत होती. कुंपणाच्या जाळीला नारिंगी कागदाचे तुकडे बांधलेले होते आणि प्रत्येकावर मुलांच्या अक्षरांत काही ना काही लिहिलेलं. एकावर होतं, ‘तुम्हाला घरी जाऊ द्यायला हवं होतं.’

घरी जाऊ द्यायला हवं होतं, या वाक्यामागे किती मोठा इतिहास आहे तो त्या मुलाला अजून कळायचा होता. एकोणिसाव्या शतकापासून 1990 च्या दशकाच्या अखेरपर्यंत कॅनडात सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली निवासी शाळा चालल्या. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या मूळ रहिवासी समाजांतली सुमारे दीड लाख मुलं त्यांत घातली गेली. 1920 मध्ये इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती करून सक्ती आणली. मूल न पाठवणाऱ्या आईबापांवर कारवाई होई. मायबोलीत बोललं की मार बसे. केस कापले जात. सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी 1907 मध्ये अहवाल देऊन सांगितलं, की या शाळांत क्षयाने मुलं मरत आहेत, हवा खेळत नाही, आजारी आणि निरोगी एकत्र कोंबली आहेत. अहवाल बाजूला पडला. निवृत्तीनंतर, 1922 मध्ये, त्यांनी स्वतः पुस्तिका छापून हा राष्ट्रीय गुन्हा असल्याचं जाहीर केलं. शाळांत दगावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नोंद आजवर झाली आहे आणि यादी अजून पुरी झालेली नाही.

पुढे भरपाईचे खटले झाले, 2008 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि सत्य आणि सलोखा आयोगही नेमला गेला. आयोगाचे अध्यक्ष मरी सिंक्लेअर मॅनिटोबा प्रांतातले मूळ रहिवाशांपैकी पहिले न्यायाधीश. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी देशभर फिरून हजारो माणसांच्या साक्षी ऐकल्या आणि 2015 मध्ये 94 शिफारशी दिल्या. हा घोळ शिक्षणानेच घातला आणि शिक्षणच त्यातून बाहेर काढेल, असं सिंक्लेअर आवर्जून सांगत. बासष्टावी शिफारस सांगते, की बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळ्या मुलांना निवासी शाळा, करार आणि मूळ रहिवाशांचं योगदान सक्तीने शिकवावं.

ही शिफारस पुढे कशी सरकली, हे फेरीनंतर बाईंनीच सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत कागदी कपातली कॉफी घेत आम्ही दोन मास्तरणी बसलो. ऑन्टॅरिओचा अभ्यासक्रम नव्याने लिहायच्या बैठका 2018 च्या उन्हाळ्यात व्हायच्या होत्या. वडीलधारी जाणती माणसं आणि तज्ज्ञ यायचे होते. नवं प्रांत सरकार आलं आणि बैठका ऐन वेळी रद्द झाल्या. पुढे 2023 पासून पहिली ते तिसरीच्या अभ्यासक्रमात निवासी शाळांचा विषय सक्तीचा झाला. अकरावीत इंग्रजीचा एक अभ्यासक्रम आहे, ज्यात केवळ फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट लेखकांचं साहित्य असतं. तो काही शाळा मंडळांनी सर्वांना सक्तीचा केला, काहींनी ऐच्छिक ठेवला. ब्रिटिश कोलंबिया या बाबतीत पुढे गेलं : तिथे 2023-24 पासून अशा विषयाचे गुण मिळवल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्रच मिळत नाही. बाई म्हणाल्या, “तीस सप्टेंबर सोपा असतो. माझी परीक्षा फेब्रुवारीत असते.”

फेब्रुवारीचं कारणही मग निघालं. ऑन्टॅरिओच्या उत्तरेला जेम्स उपसागराजवळ ॲटावापिस्कट नावाची क्री लोकांची वस्ती आहे. तिथल्या शाळेखाली 1979 मध्ये डिझेल गळलं. मुलं आजारी पडत. अखेर 2000 मध्ये इमारत बंद झाली आणि वर्ग तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत भरू लागले. शॅनन कुस्टाचिन नावाची मुलगी आणि तिचे सोबती यांनी सरकारला पत्रं लिहिली, आठवीची सहल रद्द करून थेट ऑटावा गाठलं आणि मंत्र्यांसमोर उभं राहून नीट शाळा मागितली. मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवरच्या शाळांचा खर्च केंद्राकडे, बाकी शाळांचा प्रांताकडे, आणि दोन्हींच्या हिशेबात वर्षानुवर्षं मोठी तफावत. शॅनन 2010 मध्ये अपघातात गेली; अवघी पंधरा वर्षांची होती. तिच्या गावात नवी शाळा उघडली ती 2014 मध्ये. तिच्या नावाने चाललेल्या मोहिमेत देशभरच्या शाळांतली मुलं दर फेब्रुवारीत, 14 तारखेच्या सुमारास, पंतप्रधानांना पत्रं लिहितात : आम्हाला मिळते तशी शाळा, तसं औषधपाणी त्या मुलांनाही द्या. बाईंच्या वर्गातली पत्रं दरवर्षी जातात. नारिंगी सदऱ्यापेक्षा ही पत्रं मला जास्त मोलाची वाटली, कारण त्यांत मागणी आहे आणि ती कोणाकडे करायची हेही मुलांना ठाऊक आहे.

किचनर-वॉटर्लूत नावं बदलण्याचा इतिहास जुना आहे. किचनरचं मूळ नाव बर्लिन. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध हवा तापली आणि 1916 मध्ये गावाने लॉर्ड किचनरचं नाव घेतलं. तोच, जो हिंदुस्थानात सरसेनापती होता आणि कर्झनशी भांडला. अलीकडे वॉटर्लूतल्या एका माध्यमिक शाळेनेही नाव बदललं. कॅनडाचे पहिले पंतप्रधान सर जॉन ए. मॅकडोनल्ड यांचं नाव तिला होतं. त्यांच्याच कारकिर्दीत निवासी शाळांचं सरकारी जाळं विणलं गेलं. शाळा आता लॉरेल हाइट्स या नावाने ओळखली जाते. भाचीच्या शेजाऱ्यांना हे पसंत नव्हतं. पाटी बदलून इतिहास बदलतो का, असं ते म्हणाले. नाही बदलत. पण रोज त्या पाटीखालून वर्गात जाणाऱ्या मोहॉक मुलीला काय वाटत असेल, हा प्रश्न आपल्याला पूर्वी पडलाच नव्हता. आता निदान पडतो.

पुढच्या एका सकाळी भाचीने गाडी काढली आणि आम्ही ब्रँटफर्डला गेलो. पाऊण तासाचा रस्ता. मक्याची पिकलेली शेतं, भोपळ्यांचे ढीग, सफरचंदाच्या बागा. ब्रँटफर्ड टेलिफोनचं गाव म्हणून मिरवतं, कारण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना 1874 मध्ये ती कल्पना इथे सुचली. पर्यटक बेलचं घर बघतात आणि परततात. आम्हाला जायचं होतं मोहॉक इन्स्टिट्यूटला.

झाडांच्या रांगेतून वाट जाते आणि समोर लाल विटांची भारदस्त इमारत उभी राहते. दारात पांढरे खांब. पाटी नसती तर एखाद्या संस्थानिकाचा वाडा वाटावा. 1831 मध्ये इथल्या शाळेत मुलं वस्तीला ठेवायला सुरुवात झाली. कॅनडाच्या निवासी शाळांतली ही सर्वांत जुन्या शाळांपैकी एक. मुलांनी 1903 मध्ये जुनी इमारत पेटवून दिली. आजची तिच्यानंतर, 1904 मधली. शाळा बंद झाली 1970 मध्ये. मुलांनी तिला नाव दिलं होतं ‘मश होल’, कारण ताटात नेहमी ओटची पातळ लापशी. आवारात सफरचंदाची बाग होती, पण फळाला हात लावला की शिक्षा. गाईंचं दूध, शेतातला माल विक्रीला जाई. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेत, गोठा, धोबीघर. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या. सख्ख्या भावंडांनाही बोलायची मुभा नव्हती.

शाळा बंद झाल्यावर इथे 1972 मध्ये वुडलँड सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. छप्पर 2013 मध्ये गळू लागलं तेव्हा इमारत पाडायची की राखायची, असा प्रश्न सिक्स नेशन्सच्या लोकांपुढे आला. इथे हाल सोसलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कौल दिला : राखायची. मोहिमेचं नावच ठेवलं, पुरावा वाचवा. अनेक वर्षं वर्गणी गोळा करून, दुरुस्ती करून, 30 सप्टेंबर 2025 रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. मला इमारतीच्या पाठीमागच्या भिंतीपाशी सर्वांत जास्त वेळ लागला. विटांवर खिळ्याने, दगडाने कोरलेली नावं आहेत, गावांची नावं आहेत, आकडे आहेत. ज्यांची नावं घेतली जात नव्हती त्यांनी ती स्वतः लिहून ठेवली. आमच्या पुढे एका माध्यमिक शाळेची मुलं होती. बसमधून उतरताना कलकल करणारी ती मुलं मागच्या भिंतीपाशी एकेक नाव वाचू लागली आणि त्यांच्या शिक्षकांना काहीच बोलावं लागलं नाही.

तिथून काही मिनिटांवर ओहस्वेकन, सिक्स नेशन्सच्या वस्तीचं मुख्य गाव. कॅनडातली सर्वाधिक लोकसंख्येची राखीव वस्ती ही. इथे दुःखाचं प्रदर्शन नाही. पेट्रोल पंप आहे, लॅक्रोस या खेळाचं स्टेडियम आहे, नभोवाणी केंद्र आहे आणि शाळा आहेत. मोहॉक आणि कयुगा भाषांतून शिकवणाऱ्या शाळा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काढल्या. त्यांतली एक बरीच वर्षं लॅक्रोसच्या इमारतीतच भरत होती. सिक्स नेशन्स पॉलिटेक्निकमध्ये याच भाषांची पदवी घेता येते. दिवसाची सुरुवात होते ती आभार मानण्याच्या परंपरेने : माणसं, पृथ्वी, पाणी, मासे, झाडं, वारा, गडगडणारे मेघ, चंद्र, सूर्य, अशा एकेकाला धन्यवाद देत, मोहॉक किंवा कयुगात. जी भाषा बोलल्याबद्दल आजोबांनी मार खाल्ला, ती नातीला पाठ असते. सन्मान म्हणतात तो हा. तो बाहेरच्यांनी दिलेला नाही. हिरावून घेतलेलं त्यांनी परत मिळवलं आहे आणि बाहेरच्या शाळांनी त्याच्यासाठी वाट मोकळी करायची आहे, पैसा द्यायचा आहे, शिक्षक घडवायचे आहेत.

परतताना गाडीत भाची म्हणाली, “मावशी, मी नागरिकत्वाची शपथ घेतली ना, तिच्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटींचे करारांतले हक्क मान्य करणारं संविधान पाळीन असं वाक्य होतं. म्हणून टाकलं मी.” ते वाक्य 2021 मध्ये कायद्याने शपथेत आलं, आयोगाची शेवटची, चौऱ्याण्णवावी शिफारस हीच होती. इथे येणारा प्रत्येक नवा नागरिक, मग तो साताऱ्याचा असो की सोमालियाचा, ते म्हणतो. म्हणजे हा हिशेब केवळ गोऱ्या लोकांचा आणि इथल्या मूळ रहिवाशांचा नाही. आपली मुलं सुट्टीच्या दिवशी वर्गात बसून बिनधास्त मराठी गिरवतात आणि कुणी छडी उगारत नाही. त्याच नदीकाठी, आपल्या आईबापांच्या आयुष्यातच, मुलांना त्यांची भाषा विसरायला लावत होते. ज्याला हे कळलं त्याला ती शपथ नुसती म्हणून टाकता येणार नाही.

शाळांचं काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नारिंगी सदरा, सकाळचं निवेदन, मैदानाची फेरी, हे सगळं चालू राहावं. मुलांना वर्षातून एकदा तरी थांबवावं लागतं. पण त्याने सलोखा होत नाही. सलोखा होतो तो अभ्यासक्रमातून, वर्षभर शिकवणाऱ्या तयारीच्या शिक्षकांतून, वस्त्यांवरच्या शाळांना मिळणाऱ्या बरोबरीच्या पैशातून आणि त्यांच्या भाषांना मिळणाऱ्या वर्गखोल्यांतून. आयोगाच्या शिफारशींना दहा वर्षं उलटून गेली आणि त्यांतल्या बऱ्याच अजून पूर्ण व्हायच्या आहेत.

कॅनडात राहणाऱ्या मराठी आईबापांना म्हणून एक सांगणं. टीशर्ट जरूर घ्या. पण शाळेच्या पालकसभेला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा : अकरावीचा तो अभ्यासक्रम तुमच्या मंडळात सक्तीचा आहे का आणि फेब्रुवारीत मुलं पत्रं लिहितात का. नसेल तर लावून धरा. आणि भारतातून कुणी पाहुणे आले, तर त्यांना एक दिवस ब्रँटफर्डला घेऊन जा.